महिंद्रा युनायटेड

मुंबईतील एक विसर्जित फुटबॉल संघ (१९६२–२०१०). महिंद्रा अँड महिंद्रा या उद्योगसंस्थेने आपल्या नोकरवर्गातील खेळाडूंचा हौशी संघ म्हणून १९६२ मध्ये त्याची स्थापना केली. प्रारंभी तो कंपनीच्याच नावाने ओळखला जाई. २००० मध्ये त्यास महिंद्रा युनायटेड हे नाव देण्यात आले. राष्ट्रीय फुटबॉल साखळी स्पर्धेचे (तिच्या जागी पुढे आय-लीग स्पर्धा आली) अजिंक्यपद मिळविणारा महाराष्ट्रातील हा एकमेव संघ होय. कीर्ती आणि यश लाभलेले असतानाच पुरस्कर्त्या कंपनीने २०१० मध्ये तो बंद केला. त्यामुळे त्याचा इतिहास केवळ विजयांच्या नोंदींपुरता मर्यादित राहत नाही. क्रीडासंघाची मालकी कोणाची व तो बंद करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्नही त्यातून उपस्थित होतो.

पूर्वपीठिका : मुंबईत फुटबॉलचा प्रसार प्रथम ब्रिटिश लष्करी पलटणींनी केला. १८९१ मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स चषक स्पर्धेचे पहिले विजेतेपद वुस्टरशर पलटणीने मिळविले आणि पुढील चार दशकांहून अधिक काळ हा चषक गोऱ्या पलटणींकडेच राहिला. तो जिंकणारा पहिला भारतीय मुलकी संघ म्हणजे बंगलोर मुस्लिम्स (१९३७). मुंबईतील स्थानिक फुटबॉलच्या व्यवस्थेसाठी १९०२ मध्ये बाँबे फुटबॉल असोसिएशन ही संस्था निघाली. रोव्हर्स चषक समिती आणि ही संस्था यांच्या एकीकरणातून १९११ मध्ये वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन अस्तित्वात आली. तिचे केंद्र दक्षिण मुंबईतील कूपरेज मैदान हे होते. पिंपे तयार करणाऱ्या कारागिरांच्या कारखान्यावरून या जागेस हे नाव पडले. हारवूड साखळी स्पर्धा व नाडकर्णी चषक या मुंबईतील प्रमुख स्थानिक स्पर्धा होत. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ १९३७ मध्ये स्थापन झाला आणि आंतरप्रांतीय संतोष चषक स्पर्धा १९४१ मध्ये सुरू झाली. [⟶ फुटबॉल].

स्वातंत्र्योत्तर काळात पलटणी गेल्या आणि त्यांची जागा कचेऱ्या, गिरण्या, रेल्वे, तेलकंपन्या व पोलीस यांच्या संघांनी घेतली. हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. मुंबईच्या कॅल्टेक्स संघाने १९५८ मध्ये आणि मफतलाल संघाने १९६५ मध्ये तो मिळविला. टाटा, पश्चिम रेल्वे, एअर इंडिया व ऑर्के मिल्स हे मुंबईतील अन्य नामवंत संस्थासंघ होत. गोव्यातून मुंबईत आलेले तरुण तसेच वांद्रे, माहीम, माटुंगा, मालाडमधील ऑर्लेम व थेट वसईपर्यंतच्या वस्त्यांत फुटबॉल खेळत वाढलेली मुले यांतून या संघांना खेळाडू मिळत.

संस्थासंघांची पद्धती : या संघांतील खेळाडू नियमांच्या दृष्टीने हौशी होते. खेळण्याबद्दल त्यांना वेतन मिळत नसे. वेतन मिळे ते कारकून, फिटर, भांडारपाल वा तत्सम पदावरील नोकरीबद्दल. हंगामात त्यांना सरावासाठी कामाच्या वेळेत सवलत दिली जाई व बाहेरगावच्या स्पर्धांसाठी भरपगारी रजा मिळे. नोकरीत कायम झालेल्या खेळाडूस भविष्यनिर्वाह निधी, उपदान, वैद्यकीय साहाय्य इ. लाभ इतर कर्मचाऱ्यांप्रमाणेच मिळत. तिशी ओलांडल्यावर त्याचा खेळ थांबला, तरी नोकरी निवृत्तीपर्यंत चालू राही. सामान्य ऐपतीच्या कुटुंबातील मुलाच्या दृष्टीने फुटबॉल हा नोकरीत शिरण्याचा एक दरवाजा होता आणि पालक मुलास मैदानावर जाऊ देत, त्यामागेही बहुधा हाच हिशेब असे. कंपनीस या व्यवस्थेतून नावलौकिक मिळे, कामगारांत आपुलकीची भावना निर्माण होई आणि रोव्हर्ससारख्या स्पर्धेत कंपनीचे नाव प्रेक्षकांच्या ओठांवर येई.

या पद्धतीचा दर्जा कमी लेखण्याचे कारण नाही. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४–२ असे हरविले. त्या सामन्यात तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा हे ऑलिंपिक फुटबॉलमध्ये असा पराक्रम करणारे पहिले आशियाई खेळाडू ठरले. ते मुंबईच्या टाटा व कॅल्टेक्स या संघांतून खेळले होते. भारतास त्या स्पर्धेत चौथे स्थान मिळाले. दोनच वर्षांपूर्वी विश्वचषक जिंकणाऱ्या पश्चिम जर्मनीच्या खेळाडूंना ऑलिंपिकच्या हौशीपणाच्या नियमामुळे वेगळा विचार करावा लागला. जर्मनीचा हौशी संघ मेलबर्न येथे पहिल्याच सामन्यात सोव्हिएट संघाकडून पराभूत झाला. माटुंग्याच्या मैदानांवर घडलेले गोलरक्षक एस्. एस्. नारायण हे कॅल्टेक्स व टाटा या संघांचे खेळाडू असून १९५६ व १९६० या दोन्ही ऑलिंपिक स्पर्धांतील भारतीय चमूत होते. टाटा संघाचे मध्यरक्षक फॉर्च्युनाटो फ्रँको हे १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात होते. महाराष्ट्राने १९६३–६४ मध्ये संतोष चषक जिंकला, तोही प्रामुख्याने अशा संस्थासंघांतील खेळाडूंच्या बळावर.

या पद्धतीत एक उणीव मात्र प्रथमपासूनच होती. संघाला स्वतःचे असे कायदेशीर अस्तित्व नसे. त्याचा खर्च कंपनीच्या हिशेबवहीतील एक बाब असे व व्यवस्थापकवर्गाच्या मर्जीवर ती बाब अवलंबून राही. कंपनीचे भवितव्य बदलले की संघाचेही बदले. कॅल्टेक्सचा भारतातील व्यवसाय १९७६ मध्ये शासनाने ताब्यात घेतला व १९७८ मध्ये तो हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाला. त्याबरोबर रोव्हर्स चषकावर कोरलेले ते नाव व्यवहारातून लुप्त झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी-संपानंतर मुंबईचा कापडउद्योग खचत गेला आणि गिरण्यांच्या क्रीडासंघांचा आधारही त्याबरोबर खचला.

स्थापना व प्रारंभीची वाटचाल : पुरस्कर्त्या कंपनीची स्थापना १९४५ मध्ये झाली, १९४८ मध्ये तिला महिंद्रा अँड महिंद्रा हे नाव मिळाले. जीप गाड्या व ट्रॅक्टर यांच्या उत्पादनाने तिचा विस्तार झाला आणि मुंबईच्या उत्तर भागातील कांदिवली येथे तिचा मोठा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये सुरू झालेला तिचा फुटबॉल संघ वर वर्णिलेल्या संस्थासंघांच्या परंपरेतलाच होता. आरंभीची तीन दशके मुंबईतील साखळी स्पर्धा, रोव्हर्स चषक व बाहेरगावच्या निमंत्रित स्पर्धा हे त्याचे प्रमुख कार्यक्षेत्र होते. या काळात टाटा, मफतलाल व ऑर्के हे संघ त्याचे प्रतिस्पर्धी होते. त्यांतील एकेक संघ मागे पडत गेला, तसतसे मुंबईच्या फुटबॉलमध्ये महिंद्रा संघाचे स्थान वर येत गेले. कंपनीच्या उत्पादनावरून इंग्रजी वृत्तपत्रांत या संघाचा उल्लेख ‘जीपमेन’ असाही केला जाई.

व्यावसायिक कालखंड : अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल साखळी स्पर्धा सुरू केली व भारतीय फुटबॉलचे स्वरूप पालटले. तोपर्यंत देशातील प्रमुख स्पर्धा बाद पद्धतीच्या होत्या व त्या काही आठवड्यांत संपत. साखळी स्पर्धेत अनेक महिने देशभर प्रवास करून खेळावे लागे. त्यासाठी मोठा खेळाडूसंच, पूर्णवेळ प्रशिक्षक, वैद्यकीय पथक व परदेशी खेळाडू यांची गरज निर्माण झाली. सकाळी सराव करून दुपारी कचेरीत बसणारा खेळाडू या वेळापत्रकात बसेना. साहजिकच कायम नोकरीऐवजी ठराविक मुदतीचा करार हा खेळाडू व संघ यांच्यातील संबंधाचा आधार झाला.

महिंद्रा संघाने हा बदल मुंबईतील इतर कोणत्याही संस्थासंघापेक्षा अधिक निर्धाराने स्वीकारला. ड्युरँड चषक (सुरुवात १८८८) ही देशातील सर्वांत जुनी स्पर्धा त्याने १९९८ मध्ये जिंकली. दोन वर्षांनी संघाचे नाव बदलण्यात आले. नव्या नावातील ‘युनायटेड’ हा शब्द लक्षणीय आहे. कारखान्याचा संघ ही ओळख मागे टाकून शहराचा व्यावसायिक संघ होण्याची आकांक्षा त्यातून व्यक्त होते. त्यानंतरच्या दशकात संघाने मिळविलेली प्रमुख विजेतेपदे पुढीलप्रमाणे : ड्युरँड चषक २००१ व २००८, फेडरेशन चषक २००३ व २००५, राष्ट्रीय फुटबॉल साखळी स्पर्धा २००५–०६, आय्. एफ्. ए. ढाल २००६ व २००८. यांपैकी २००५–०६ हा हंगाम संघाच्या इतिहासातील सर्वोच्च बिंदू मानला जातो. कलकत्ता व गोवा येथील संघांचे राष्ट्रीय साखळीवरील वर्चस्व मोडून मुंबईच्या संघाने अजिंक्यपद मिळविण्याची ती पहिलीच वेळ होती. २००७ मध्ये आशियाई फुटबॉल महासंघाच्या ए. एफ्. सी. चषक स्पर्धेत संघाने उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल मारली.

अजिंक्यपद मिळविणाऱ्या संघाचे प्रशिक्षक गोव्याचे डेरिक परेरा हे होते. इंग्लंडचे डेव्हिड बूथ यांनीही या संघाचे प्रशिक्षकपद भूषविले. ब्राझीलचे जोझे रामिरेझ बारेटो व घानाचे युसिफ याकुबू हे त्याचे परदेशी आघाडीपटू होते. भारतीय खेळाडूंत षण्मुगम व्यंकटेश, मुंबईचे स्टीव्हन डायस व केरळचे एन्. पी. प्रदीप यांचा उल्लेख आवश्यक ठरतो. दिल्ली येथील २००७ च्या नेहरू चषक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने सिरियाचा १–० असा पराभव केला. तो एकमेव गोल प्रदीप यांनी केला होता. मध्यरक्षक खालिद जमील यांनीही या संघातर्फे अनेक हंगाम गाजविले. पुढे त्यांच्या मार्गदर्शनाखाली मिझोरममधील ऐझॉल संघाने २०१६–१७ ची आय-लीग जिंकली आणि २०२५ मध्ये भारतीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी त्यांची नियुक्ती झाली.

या यशाची दुसरी बाजूही ध्यानात घेणे आवश्यक आहे. गोवा, केरळ, बंगाल, ब्राझील व घाना येथून आलेल्या करारबद्ध खेळाडूंचा हा संघ जसजसा बलवान होत गेला, तसतसा कारखान्यातील कामगारांशी असलेला त्याचा जुना संबंध क्षीण होत गेला. पूर्वी गोलरक्षक हा शेजारच्या यंत्रावरील सहकारी असे. आता तो केवळ मैदानावर दिसणारा व्यावसायिक झाला. या तुटलेल्या संबंधाची जागा शहरातील प्रेक्षकांनी भरून काढावी, अशी अपेक्षा होती. परंतु मुंबईत ⟶ क्रिकेटचे आकर्षण सर्वंकष असल्याने कूपरेजवरील प्रेक्षकांची संख्या कलकत्त्यातील मोहन बागान वा ईस्ट बेंगॉल यांच्या सामन्यांशी तुलना करण्याजोगी कधीच झाली नाही. रोव्हर्स चषक स्पर्धाही २०००–०१ नंतर बंद पडली. तिकीटविक्री, प्रक्षेपण व जाहिरात यांपासून मिळणाऱ्या उत्पन्नातून खर्चाचा थोडाच भाग निघे. उरलेला भार कंपनीवरच पडे.

विसर्जन : २००९–१० च्या आय-लीग हंगामाच्या अखेरीस वरिष्ठ संघ बंद करण्याचा निर्णय कंपनीने २०१० मध्ये जाहीर केला. फुटबॉलसाठीची साधनसंपत्ती यापुढे शालेय व तळागाळातील पातळीवर वापरण्याचे धोरण तिने मांडले. स्कॉटलंडमधील सेल्टिक या संघाच्या सहकार्याने शालेय मुलांसाठी तिने उपक्रमही हाती घेतला. आय-लीगमधील रिकामी झालेली जागा फुटबॉल महासंघाने तरुण खेळाडूंच्या आपल्या संघास दिली. तोच संघ पुढे इंडियन ॲरोज या नावाने ओळखला गेला.

कंपनीच्या या निर्णयामागील हेतू गैर होता असे म्हणता येत नाही. मुलांना खेळ शिकविणे हे वरिष्ठ संघ पोसण्याइतकेच, किंबहुना अधिक, उपयुक्त असू शकते. टाटा उद्योगसमूहाने १९८७ मध्ये जमशेटपूर येथे सुरू केलेल्या फुटबॉल प्रबोधिनीने अनेक आंतरराष्ट्रीय खेळाडू घडविले, हे त्याचे उदाहरण होय. परंतु वरिष्ठ संघ हे त्या शिक्षणाचे गंतव्यस्थान असते. ते नाहीसे झाल्यास शालेय खेळाडूने पुढे कोणत्या संघाकडे पाहावे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. खेळाडूंच्या दृष्टीने विसर्जनाचा परिणाम अधिक थेट होता. जुन्या पद्धतीत संघ बंद पडला, तरी खेळाडूची नोकरी टिके. करारपद्धतीत संघ हीच नोकरी असल्याने दोन्ही एकदमच संपुष्टात आले. प्रसिद्ध खेळाडूंना इतर संघांत स्थान मिळणे शक्य होते; राखीव खेळाडू, साहाय्यक प्रशिक्षक, साहित्य सांभाळणारे सेवक यांच्यासमोर तेवढे पर्याय नव्हते.

विसर्जनाच्या प्रक्रियेतील आणखी एक बाब येथे नोंदविणे इष्ट ठरेल. अठ्ठेचाळीस वर्षांचा हा संघ बंद करण्यासाठी सभा बोलविण्याची वा मत घेण्याची आवश्यकता नव्हती. कारण त्यास सभासदच नव्हते. प्रेक्षक, माजी खेळाडू व स्थानिक फुटबॉल संघटना यांना हळहळ व्यक्त करण्यापलीकडे कोणताही अधिकार नव्हता.

समकालीन संघांचे भवितव्य : महिंद्रा युनायटेडचे विसर्जन ही एकाकी घटना नव्हती. पंजाबमधील फगवाडा येथील जे. सी. टी. या कापडगिरणीच्या संघाने राष्ट्रीय साखळी स्पर्धेचे पहिले अजिंक्यपद (१९९६–९७) मिळविले होते. १९७१ मध्ये स्थापन झालेला तो संघ २०११ मध्ये बंद करण्यात आला. आशियाई फुटबॉल महासंघाने लागू केलेल्या परवानापद्धतीत क्रीडाविषयक, पायाभूत सुविधा, प्रशासन, कायदेशीर व वित्तीय असे पाच प्रकारचे निकष आहेत. मोठ्या संस्थेचा केवळ एक विभाग असलेल्या संघांना ते पूर्ण करणे अवघड गेले. त्यामुळेच एअर इंडिया व तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळ यांचे संघ २०१३ मध्ये आय-लीगबाहेर गेले. निव्वळ फुटबॉलसाठी उद्योगसमूहांनी काढलेले संघही फार काळ तग धरू शकले नाहीत. २००७ मध्ये निघालेला पुणे एफ्. सी. २०१५ मध्ये स्पर्धेतून बाहेर पडला. पुण्याचाच भारत एफ्. सी. २०१४–१५ हा एकच हंगाम खेळला. २००७ मध्ये निघालेला मुंबई एफ्. सी. २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली घसरल्यावर बंद पडला. २०१४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सिटी संघाने इंडियन सुपर लीग स्पर्धेचे विजेतेपद २०२०–२१ व २०२३–२४ मध्ये मिळविल्याने शहरास राष्ट्रीय पातळीवरील यश पुन्हा लाभले. परंतु महिंद्रा संघाशी या संघाचा कोणताही वारसासंबंध नाही.

जर्मनीतील पद्धतीशी तुलना : संघाच्या मालकीचा प्रश्न स्पष्ट होण्यासाठी जर्मनीचे उदाहरण उद्‌बोधक आहे. तेथे हौशी फुटबॉलचा पाया नोंदणीकृत सभासद-मंडळ हा आहे. १ जानेवारी १९०० रोजी अंमलात आलेल्या जर्मन नागरी संहितेनुसार असे मंडळ नोंदविण्यास किमान सात सभासद लागतात आणि विसर्जनासाठी सभेत तीन-चतुर्थांश बहुमत आवश्यक असते. जर्मन फुटबॉल महासंघाची स्थापनाही त्याच महिन्यात लाइपसिक येथे झाली. आज त्याच्याशी सुमारे चोवीस हजार मंडळे संलग्न असून त्यांचे सत्तर लाखांहून अधिक सभासद आहेत. हौशीपणाचा आग्रह जर्मनीने दीर्घकाळ धरला. देशव्यापी व्यावसायिक साखळी स्पर्धा (बुंडेसलीगा) सुरू करण्याचा निर्णय १९६२ मध्ये म्हणजे महिंद्रा संघाच्या स्थापनेच्याच वर्षी झाला आणि स्पर्धा १९६३ मध्ये सुरू झाली. १९९८ मध्ये व्यावसायिक संघांना कंपनीचे रूप घेण्यास मुभा देतानाही मतदानाचे बहुमत मूळ मंडळाकडेच राहावे, असा नियम करण्यात आला. कारखान्यांशी पूर्वापार निगडित असलेल्या लेव्हरकूझेन व व्होल्फ्सबुर्ग येथील संघांचा मात्र अपवाद करण्यात आला.

जर्मन संघही नामशेष होतात. मात्र ते बहुधा दुसऱ्या संघात विलीन होऊन. उदा., कोलोन शहरातील १९०१ व १९०७ सालच्या दोन जुन्या मंडळांच्या एकीकरणातून १९४८ मध्ये पहिला फुटबॉल संघ कोलोन हा प्रसिद्ध संघ निर्माण झाला. दोन्ही जुनी नावे गेली. सभासद, मैदान व कनिष्ठ गट नव्या नावाखाली चालू राहिले. महिंद्रा संघाशी अधिक थेट तुलना करता येईल असे उदाहरण क्रेफेल्ट शहरातील बायर ०५ उर्डिंगेन या संघाचे आहे. बायर या रसायनकंपनीच्या आश्रयाने वाढलेल्या या संघाने १९८५ मध्ये बायर्न म्यूनिक संघास अंतिम सामन्यात २–१ असे नमवून जर्मन चषक जिंकला. दहा वर्षांनी, १९९५ मध्ये, कंपनीने आपला आश्रय काढून घेतला. संघाच्या नावातून कंपनीचे नाव गेले, आर्थिक विपत्ती वारंवार ओढवल्या व तो खालच्या श्रेणींत घसरला. तथापि सभासदांचे मंडळ अस्तित्वात असल्यामुळे नव्या नावाने खेळ चालू ठेवणे त्यास शक्य झाले. मुंबईच्या संघाला असा पर्याय नव्हता.

ही पद्धती भारतास परकी आहे असे मात्र नाही. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमानुसार भारतातही किमान सात व्यक्ती एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात आणि तिच्या विसर्जनास किमान तीन-पंचमांश सभासदांची संमती लागते. कलकत्त्यातील मोहन बागान (१८८९) व ईस्ट बेंगॉल (१९२०) हे संघ सभासदांच्या बळावरच शतकाहून अधिक काळ टिकले. पुरस्कर्ते व भागीदार कंपन्या त्यांच्याशी वेळोवेळी जोडल्या गेल्या व दूरही झाल्या. मुंबईत मात्र अशा संस्थांना राष्ट्रीय दर्जाचा संघ उभा करता आला नाही आणि उद्योगांनी उभे केलेले संघ सभासदांच्या हाती कधी आले नाहीत.

मूल्यमापन : महिंद्रा युनायटेडने मुंबईच्या संस्थासंघांच्या परंपरेस तिचे सर्वोच्च यश मिळवून दिले आणि तिच्या अखेरच्या टप्प्याचाही तो साक्षीदार ठरला. कामगारांच्या हौशी संघापासून राष्ट्रीय अजिंक्यपदापर्यंतचा त्याचा प्रवास कंपनीच्या सातत्यपूर्ण पाठिंब्याशिवाय शक्य झाला नसता. चार दशकांहून अधिक काळ एका खाजगी संस्थेने नफ्याची अपेक्षा न ठेवता फुटबॉल जोपासला, हे श्रेय तिला द्यावे लागेल. मात्र ज्या आश्रयाने संघ वाढला, त्यावरच तो सर्वस्वी अवलंबून राहिला. यशस्वी वर्षांत सभासदत्व, स्वतःचे मैदान व स्वतंत्र निधी यांची जोड त्यास मिळाली असती, तर कंपनीने हात काढून घेतल्यावरही खालच्या श्रेणीत का होईना, त्याचे अस्तित्व कदाचित टिकले असते. क्रीडासंघास केवळ विजयांमुळे दीर्घायुष्य लाभत नाही. तो आपला म्हणणारे आणि त्याच्या भवितव्याविषयी निर्णय घेण्याचा अधिकार असणारे लोक त्यास असावे लागतात, हे या संघाच्या इतिहासावरून दिसून येते.